आमच्या बॅडमिंटन हॉलवरचा सीपीआरचा वर्ग: काय हाती लागलं, काय राहून गेलं

सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवत ठेवायला शिकवणारा वर्ग ठेवायचा विचार असेल तर पैसे ठरवण्याआधी शिकवणाऱ्यांना एक प्रश्न विचारा: सरावाचे पुतळे किती आणणार? प्रमाणपत्र, नाश्ता, पडद्यावरचं सादरीकरण हे सगळं नंतर. आमच्या हॉलवर झालेल्या वर्गात पंचवीस जणांमागे पाच पुतळे होते. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी हा वर्ग कुणालाही सुचवेन. त्रुटी आहेत, त्याही लिहिते.

कोथरूडमध्ये पाच कोर्टचा एक हॉल मी सांभाळते. पहाटे साडेपाचला पहिली बॅच, मग बायकांची, दुपारी मुलांचं कोचिंग आणि संध्याकाळी नोकरदार मंडळी. ही संध्याकाळची मंडळी दिवसभर खुर्चीत बसलेली असतात. ट्रॅफिकमधून उशिरा पोचतात आणि वॉर्म-अप न करता तडक डबल्सला उभी राहतात. चाळिशी-पन्नाशी उलटलेली माणसं, बीपीच्या गोळ्या चालू, आणि स्मॅश मात्र विशीतला. संध्याकाळी सात वाजता कर्वे रोडची जी अवस्था असते ती पुणेकरांना सांगायला नको. १०८ची गाडी कितीही तत्परतेने निघाली तरी तिलाही त्याच रस्त्याने यायचं आहे. हृदय बंद पडलं की मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला सुरुवात होते. छाती दाबणारं कुणी नसेल तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. म्हणजे गाडी येईपर्यंतची मिनिटं आमच्याच हातात. म्हणून हा वर्ग.

शिकवायला एक भूलतज्ज्ञ डॉक्टर मॅडम आणि त्यांचे तीन सहकारी आले होते. रविवारच्या सुट्टीत हे काम करतात, जाहिरात नको म्हणतात, म्हणून नाव लिहीत नाही. फी माणशी ६०० रुपये, वेळ तीन तास, आणि अट एकच की शिकणाऱ्यांनी हॉलच्या रोजच्या कपड्यांत यायचं. ही अट मला फार पटली. साडी, जीन्स, फॉर्मल शर्ट घालून गुडघ्यावर बसून छाती दाबता येते की नाही, हा प्रश्न तिथे आलाच नाही. आमच्याकडे माणूस पडेल तेव्हा आजूबाजूचे सगळे टी-शर्ट आणि शॉर्ट्सवरच असणार आहेत.

सुरुवात भाषणाने झाली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सगळे जमले, दोन कोर्टवर हलका खेळ सुरू होता, आणि मॅडमचा एक सहकारी तिसऱ्या कोर्टवर सर्व्हिस घ्यायला उभा असताना एकदम कोसळला. नाटक होतं, पण आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाजूच्या कोर्टवरचा खेळ थांबायलाच काही सेकंद गेले. मग धावाधाव. कुणी पाणी आणलं, कुणी टॉवेलने वारा घातला, एका काकांनी "कांदा आणा, कांदा हुंगवा" म्हणून हाक दिली, कुणी तळपाय चोळायला घेतले. मॅडम हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. पाऊण मिनिट उलटून गेलं तरी त्याच्या छातीवर कुणाचा हात पडला नव्हता, आणि १०८लाही कुणी फोन लावला नव्हता. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने लावला असेल.

मग त्यांनी झांग झिजिएची गोष्ट सांगितली. बॅडमिंटनवाल्यांना ती आठवत असेल. ३० जून २०२४, इंडोनेशियात योग्यकर्ता इथे आशियाई ज्युनिअर स्पर्धा. चीनचा १७ वर्षांचा मुलगा, जपानविरुद्ध सामना चालू असताना कोर्टवर पडला. वैद्यकीय पथक त्याच्यापर्यंत पोचायला सुमारे ४० सेकंद गेले. पथकाने रेफरीच्या परवानगीशिवाय कोर्टात शिरायचं नाही, असा नियम असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. मुलगा वाचला नाही. त्यावर जगभर संताप झाला आणि नियमाची चर्चा झाली. आमच्या हॉलवर कुठलाही रेफरी आडवा आला नव्हता, तरी आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला. हे ऐकल्यावर हॉलमध्ये कुणी कुणाशी बोलेना. पुढचे तीन तास लोकांनी मोबाइलला हात लावला नाही, त्याचं श्रेय मी या सुरुवातीला देते.

ओळखायचं कसं, हा भाग त्यांनी नीट वेळ देऊन शिकवला. माणूस पडला की दोन्ही खांदे जोरात थोपटून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नाही, तर कुणातरी एकाकडे बोट दाखवून सांगायचं: "तुम्ही, निळा टी-शर्ट, १०८ लावा आणि स्पीकरवर ठेवा." नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही, हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं. मग छाती हलतेय का ते जास्तीत जास्त दहा सेकंद बघायचं. नाडी शोधत बसायचं नाही. सामान्य माणसाला घाईत नाडी सापडत नाही, आणि बऱ्याचदा स्वतःच्याच बोटातली धडधड त्याला पडलेल्या माणसाची नाडी वाटते.

इथे एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली आणि एका सहकाऱ्याने ती करूनही दाखवली. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस कधीकधी तोंड उघडून, घोरल्यासारखा, मधेच एखादा श्वास घेतो. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं तोंड उघडतं आणि मिटतं. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, धोका टळला. तो श्वास नव्हे. तसं दिसलं तर लगेच छाती दाबायला घ्यायची. कधी सुरुवातीला हातपायही झटकतात आणि लोक फिट समजून हातात किल्ल्या देतात, नाकाला चप्पल लावतात. यात जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत.

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नीट समजलं. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, पण माणूस बोलतोय, तर त्याची छाती दाबायची नाही. त्याला बसवायचं, चालू द्यायचं नाही, १०८ला फोन लावायचा आणि कुणीतरी त्याच्याजवळ थांबायचं. तो बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तरच सीपीआर.

आता पुतळे. कमरेपर्यंतचं धड, आत स्प्रिंग, पाच सेंटिमीटर खोल दाब गेला की 'टक्' असा आवाज, आणि खांद्यावर दिवे: वेग बरोबर असेल तर हिरवा, कमीजास्त झाला तर दुसरा रंग. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, बोटं वर उचललेली, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांवर. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. कागदावर हे दोन ओळींत संपतं. पुतळ्यावर बसल्यावर कळतं की पाच सेंटिमीटर म्हणजे किती खोल. पहिल्या फेरीत आमच्यातल्या बहुतेकांचा 'टक्' वाजलाच नाही. रोज जिमला जाणारे दोन तरुण दंडाच्या जोरावर दाबत होते, कोपरं वाकलेली, आणि मिनिटभरात दमले. मॅडमनी एकाच्या पाठीवर हात ठेवून त्याला इतकं पुढे झुकवलं की त्याचं नाक पुतळ्याच्या नाकासमोर आलं. अंगाचं वजन खाली गेलं आणि 'टक्' वाजायला लागला. अशी एकेकाची दुरुस्ती व्हिडिओतून होत नाही. या वर्गाचे पैसे तिथे वसूल झाले.

सगळ्यात सरस हात निघाला आमच्या हॉलवर सफाई करणाऱ्या मावशींचा. दोन मिनिटं दिवा हिरवाच, खोली एकसारखी, आणि मध्ये थांबणं नाही. मॅडमनी सगळ्यांना थांबवून त्यांच्याकडे बघायला सांगितलं. मेंबर तासभर खेळून निघून जातात. मावशी आणि काउंटरवरचा मुलगा पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथेच असतात. म्हणून वर्ग ठेवताना आधी कर्मचाऱ्यांची नावं घालावीत, मग मेंबरांची. आम्ही तसं केलं, आणि कर्मचाऱ्यांची फी हॉलने भरली.

वेगासाठी काहींनी मोबाइलवर ठेका देणारा मेट्रोनोम मिनिटाला ११०वर लावला. मोजण्याचा एक बारीक उपाय त्यांनी सांगितला, तो कामाचा वाटला. तीसपर्यंत सलग मोजलं की एकवीस, बावीसपासून शब्द लांबतात आणि हात त्यांच्यामागे रेंगाळतो. त्याऐवजी एक ते दहा तीनदा मोजायचं. फरक दिव्यावर लगेच दिसला.

दर दोन मिनिटांनी हात बदलायचा, आणि बदलताना मध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही. हे आम्ही कोर्टच्या मॅटवरच केलं, नेटच्या खांबाशेजारी, वरचे दिवे चालू ठेवून. सिंथेटिक मॅटवर उघडे गुडघे सोलवटतात, त्यामुळे आता फर्स्ट एडच्या पेटीशेजारी एक जाड चौकोनी गादी ठेवलीय, ती गुडघ्याखाली घ्यायची. माणसाखाली मात्र काही मऊ घालायचं नाही, कठीण जमीनच हवी. साठीच्या पुढचे काही जण गुडघ्यावर बसू शकत नाहीत. त्यांना मॅडमनी बाजूला बसवलं नाही. फोन लावणं, गेट उघडून गल्लीच्या तोंडाशी उभं राहणं, लिफ्ट तळमजल्यावर अडवून ठेवणं ही कामं त्यांना नेमून दिली. आमच्या इमारतीचं मुख्य गेट संध्याकाळी अर्धं बंद असतं आणि आत दुचाक्या लागतात. अँब्युलन्स आत येणार कुठून, हे आम्हाला बाहेरून आलेल्या माणसांनी दाखवलं.

बायकांच्या बॅचमधून एक प्रश्न आला आणि मला वाटतं तो सगळ्या पुरुषांच्याही मनात होता: बाई पडली तर? पुतळा सपाट छातीचा. मॅडमनी आडवळण न घेता सांगितलं की हात हाडावर ठेवायचा असतो, हाड सगळ्यांना एकाच जागी असतं, आणि हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या एईडी मशिनचे पॅड लावायचे तर कपडे बाजूला करावेच लागतात. सार्वजनिक ठिकाणी बायकांना आजूबाजूच्यांकडून सीपीआर मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असल्याचं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि त्यामागचं एक कारण हाच संकोच असल्याचं मानलं जातं. त्यांनी चार पुरुषांना पुढे बोलावून पुतळ्याला बायकांचा टी-शर्ट घालून करायला लावलं. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. आमच्या हॉलवर सकाळी दहाला बायकाच असतात, पण संध्याकाळच्या मिक्स्ड डबल्समध्ये आजूबाजूला बहुतेक पुरुषच.

तोंडाने श्वास देण्याबद्दल त्यांची भूमिका स्पष्ट होती. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी २०१७मध्ये सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत मांडली, तिला 'कॉल्स' म्हणतात. वर्ग त्याच पद्धतीवर बेतलेला होता. मोठा माणूस डोळ्यांदेखत एकाएकी पडला तर त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन असतो, तो फिरवत ठेवणं हे पहिलं काम. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायच्या विचाराने लोक मागे सरतात, त्यापेक्षा नुसती छाती दाबलेली लाखपटीने बरी. ज्यांना शिकायचं होतं त्यांना त्यांनी ३० दाब आणि २ श्वास हेही तोंडावर ठेवायचं पातळ फेस-शील्ड लावून शिकवलं.

पण इथेच माझी मोठी तक्रार आहे. आमच्याकडे मुलांची बॅच मोठी आहे, आणि मुलांचं गणित वेगळं. मुलाचं हृदय बंद पडतं ते बहुतेकदा आधी श्वास अडकल्यामुळे, म्हणून तिथे श्वास देणं टाळून चालत नाही. बुडालेल्या माणसालाही तेच लागू. हा भाग शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला गेला. मुलाची छाती तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल दाबायची, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर, आणि तान्ह्या बाळाची सुमारे चार. लहान मुलाला एक हात पुरत असेल तर एकच वापरायचा. हे तोंडी सांगितलं गेलं. तान्ह्या बाळाचा पुतळा एकच होता आणि तो निम्म्या लोकांच्या हाताखाली गेलाच नाही. आमचे दोन्ही कोच त्या निम्म्यांत होते. नोंदणीच्या वेळी मुलांची बॅच असल्याचं मी कळवलं होतं, तेव्हा त्याची तयारी व्हायला हवी होती.

दुसरी त्रुटी कायद्याच्या माहितीत. "मदत करणाऱ्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे," असं एका सहकाऱ्याने सरसकट सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ, ही दोन्ही रस्त्यावरच्या अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठी आहेत. बॅडमिंटन कोर्टवर पडलेला माणूस त्यात बसत नाही. आमच्या मेंबरांत दोन वकील आहेत, त्यांनी तिथेच हे बोलून दाखवलं. त्यामुळे कुणी मदत करायचं थांबेल असं मला वाटत नाही, कारण इथे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं खेळतात. पण शिकवणाऱ्याने जे आहे तेवढंच सांगावं.

एईडी मशिनचा भाग छान झाला, फक्त थोडका. सरावाचं मशिन एकच होतं. चालू केलं की ते हिंदीत आणि इंग्रजीत सूचना देत होतं. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगडीवर. आमच्यासाठी कामाचं म्हणजे घाम. खेळता खेळता पडलेल्या माणसाची छाती ओली असते, पॅड चिकटत नाही, म्हणून आधी टॉवेलने खरखरून पुसायचं. मशिन हृदयाची लय तपासत असताना आणि शॉक देताना कुणी हात लावायचा नाही, आणि शॉक बसला की न थांबता पुन्हा दाबायला सुरुवात. शॉक द्यायचा की नाही हे मशिन ठरवतं. गरज नसेल तर ते देतच नाही, त्यामुळे आपल्या हातून काही भलतं होईल ही भीती गेली. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात कोसळला. तिथेच सीपीआर आणि एका शॉकने त्याचं हृदय पुन्हा सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा फुटबॉल खेळायला लागला. मॅडमनी त्याचं उदाहरण दिलं तेव्हा मेंबरांनी मशिनच्या किमती विचारायला सुरुवात केली. आम्हाला आलेली कोटेशन्स लाखाच्या आसपासची आहेत. शिवाय पॅड मुदत संपली की बदलायचे, बॅटरीचाही खर्च. पाच कोर्टच्या हॉलला हे जड नाही, असं माझं मत आहे. फ्लडलाइटवर आम्ही याहून जास्त खर्च करतो. वर्गणी सुरू झालीय.

बरगड्या मोडतील का, हा प्रश्न तर येतोच. मोडू शकतात, विशेषतः वयस्कर माणसांच्या, आणि मोडल्याचा आवाज हाताला जाणवतो. तरी थांबायचं नाही. मॅडम म्हणाल्या, बरगडी आम्ही जोडून देऊ, तुम्ही माणूस आमच्यापर्यंत पोचवा. काउंटरवरचा मुलगा याच भीतीने हळू दाबत होता. हे ऐकल्यावर त्याच्या पुतळ्याचा 'टक्' वाजला.

शेवटी पहिलं नाटक पुन्हा झालं, यावेळी पाचव्या कोर्टवर, पाण्याच्या कूलरजवळ. हाक, फोन, गेट, छाती. पहिला दाब वीस सेकंदांच्या आत पडला, आणि तो मावशींचा होता.

प्रमाणपत्रावर दोन वर्षांची मुदत छापलीय, पण इतके दिवस हाताला लक्षात राहत नाही असं मॅडमनीच बजावलं. म्हणून त्या एक पुतळा आमच्याकडे भाड्याने ठेवायला तयार आहेत, महिना ५०० रुपये. महिन्यातून एकदा बॅच सुटताना प्रत्येकाने दोन मिनिटं दाबायचं, असं ठरलंय. मुलांसाठी मी वेगळा वर्ग मागितलाय: दोन तास, फक्त लहान मुलं आणि तान्ही बाळं, घशात काही अडकलं तर काय करायचं तेही त्यातच, आणि बाळाचे किमान तीन पुतळे. कोचसोबत पालकांनाही बसवणार आहोत. मॅडमनी तीन पुतळ्यांची अट मान्य केली आहे, तारीख शाळांच्या परीक्षा संपल्यावरची मिळेल.